‘गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा’

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र होतं, त्यात त्यांनी जाता जाता एक वाक्य टाकलंय की ख्रिस्ती धर्मात पैसा म्हणजे पाप मानतात म्हणे, आणि तरी वसईत जाऊन बंगले बघा. बंगल्यांबद्दल मी काही म्हणत नाही, ते आहेत, रस्त्यावरून दिसतात. पण पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दल लिहावंसं वाटलं, लिहिता लिहिता दुसऱ्या अर्ध्यावर पण येईनच, कारण मी वसई तालुक्यातलाच आहे, कॅथलिक आहे, आणि ह्या विषयात मी काही धुतल्या तांदळासारखा नाही.

तर पैसा म्हणजे पाप असं बायबलमध्ये कुठेच नाही. लोक जे वाक्य सांगतात ते संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, आणि तिथे शब्द आहेत द्रव्याचा लोभ. सगळ्या प्रकारच्या वाइटाचं मूळ हा लोभ. तो एक शब्द गाळला की सगळ्यांचीच सोय होते, ज्याच्याकडे पैसा नाही त्याला वाटतं आपण आपोआप पुण्यवान, आणि ज्याच्याकडे आहे तो म्हणतो हे काय प्रॅक्टिकल नाही बुवा, सोडून द्या. अब्राहामाकडे गुरंढोरं, सोनं, चांदी भरपूर होती. येशूबरोबर ज्या बायका फिरायच्या त्या स्वतःच्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवायच्या, लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या (शुभवर्तमानाच्या) आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. क्रुसावरून उतरवल्यावर त्याला ठेवायला कबर दिली ती अरिमथाईच्या योसेफने, आणि तो चांगला पैसेवाला माणूस होता.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात, एकदा ऐकलेला उतारा परत रविवारी यायला तीन वर्षं जातात. ३ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख श्रीमंताचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होता. हा दाखला आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतो. एकाच्या जमिनीला उदंड पीक आलं, ठेवायला जागा नाही, मग तो म्हणतो जुनी कोठारं पाडतो आणि मोठी बांधतो, आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो की बाबा रे, पुष्कळ वर्षं पुरेल एवढा माल आहे, आता आराम कर, खा, पी, मजा कर. आणि देव म्हणतो, अरे मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल, मग हे सगळं कोणाचं होणार?

बघा, ह्या माणसाने चोरी केलेली नाही, कोणाला फसवलेलं नाही, पीक त्याच्याच जमिनीत आलंय. फक्त अख्ख्या गोष्टीत तो बोलतो कोणाशी तर स्वतःशी. बायको नाही, शेजारी नाही, गडी माणसं नाहीत. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव, सगळं माझं माझं.

प्रवचनं नेहमी इथपासून सुरू होतात. पण हा दाखला सांगायची वेळ का आली ते त्याच्या आधीच्या ओळीत आहे आणि ती ओळ आपण ऐकून सोडून देतो. गर्दीतून एक माणूस ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा मला वतनाची वाटणी द्यायला. बस्स, एवढंच. सगळं प्रकरण सुरू झालंय ते भावाभावांच्या वाटणीवरून, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येशूच्या देशात काय आणि आज आमच्या तहसील कचेरीच्या बाहेर काय, तेच. त्या काळी असे तंटे धर्मगुरूकडे नेणं कॉमन होतं, थोरल्याला दुप्पट वाटा असा मोशेच्या नियमशास्त्रात नियमच होता, त्यामुळे त्या माणसाची मागणी चुकीची होती असंही नाही, भावाने त्याचा वाटा दाबला असेलही. तरी येशू त्याची बाजू घेत नाही, भावाचीही घेत नाही, तो म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग सगळ्यांना म्हणतो, सांभाळा, सगळ्या प्रकारच्या लोभापासून दूर राहा, कोणाकडे कितीही असलं तरी त्याचं जगणं त्याच्या मालमत्तेत नसतं. इथे लोभ ह्याला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, प्लेओनेक्सिया, त्याचा अर्थ आणखी पाहिजे, जास्त पाहिजे. आपल्या मराठीत त्याला हाव म्हणतात.

मी साठी ओलांडली आहे, म्हणजे हा उतारा पंधरा-सोळा वेळा तरी ऐकला असेल. पण त्या रविवारी ती गर्दीतल्या माणसाची ओळ कानात अडकली, कारण त्याच आठवड्यात मी वकिलाकडे जाऊन आलो होतो.

आमची बावीस गुंठे वाडी. वडील राजेळी केळी आणि पानवेल लावायचे, कडेला थोडी भाजी, पाणी बावखलातून. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीला लागून असलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत वाडीला पुरायचं. उन्हं लागली की राजेळी सोलून वाळत घालायची, तिची सुकेळी करून पानात बांधायची हे घरातल्या सगळ्या बायकामुलांचं काम. वडील मृत्युपत्र न करता गेले. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. आता आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा मुलगी सारखेच, म्हणजे चौघांना सारखा वाटा. पण आमच्याकडे (आणि फक्त आमच्याकडेच असं नाही, तुमच्या वाचकांपैकी कितीजण मनात हसतील मला माहितीये) बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घ्यायची पद्धत. एका रविवारी दोघींना जेवायला बोलावलं, जेवण झाल्यावर कागद काढले, प्रत्येकीला एक साडी आणि एक सोन्याची चेन दिली. धाकटी म्हणाली वाचून तरी दाखवा. भाऊ म्हणाला आम्ही काय परके आहोत का. पेन मी पुढे केलं होतं.

तेव्हा मला ते लोभ वाटलंच नाही हो. रीत वाटली. मी लहानपणापासून कन्फेशनला जातोय, राग केला सांगितलं, खोटं बोललो सांगितलं, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली सांगितलं, आणखी बरंच काय काय सांगितलं जे इथे लिहिण्यासारखं नाही, पण लोभ केला असं एकदासुद्धा सांगितल्याचं आठवत नाही. दारू पिणाऱ्याला माहीत असतं आपण पितो. लोभाचं तसं नाही, तो कधी हक्क म्हणून येतो, कधी मुलाबाळांचं भविष्य म्हणून येतो, कधी तर वडिलांची इच्छा म्हणून येतो, आणि लोभी कोण म्हणाल तर समोरचा.

बहिणींचा विषय संपल्यावर उरलो दोघं भाऊ. मग रस्त्याकडची बाजू कोणाची ह्यावरून सुरू झालं, कारण रस्ता रुंद झाला होता आणि एका बिल्डरचा माणूस येऊन गेला होता. त्याच्या आधी दहा वर्षं त्या बाजूला कोणी ढुंकून बघत नव्हतं, तिथे कचरा टाकायचो आम्ही. आता सात वर्षं झाली, कोर्टात तारखा चालू आहेत.

वडिलोपार्जित हा शब्द आमच्या दाव्याच्या कागदात जागोजागी आहे. तो वाचला की मला नाबोथ आठवतो. बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, अध्याय २१, ज्यांना वाचायचं असेल त्यांनी वाचा, बिल्डर लोकांनी तर जरूर वाचा. इज्रेल गावात नाबोथाचा द्राक्षमळा होता, राजवाड्याला लागून. अहाब राजाला तो पाहिजे होता, कशाला, तर भाजीचा मळा करायला! आणि ऑफर काही वाईट नव्हती, राजा म्हणाला ह्याच्यापेक्षा चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणाला, माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुला देणं परमेश्वर माझ्याकडून न घडवो. मग राजा घरी जाऊन पलंगावर पडला, तोंड फिरवून, जेवेना. अख्खं राज्य आहे, राजवाडा आहे, आणि हा माणूस भाजीच्या वाफ्यासाठी उपाशी झोपलाय. पुढचं भयंकर आहे, राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहून शिक्का मारला, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारून टाकलं, आणि राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला. खोटे कागद, खोटे साक्षीदार आणि ताबा, काही ओळखीचं वाटतंय का?

पण मला टोचतं ते दुसरंच. नाबोथ वडिलोपार्जित म्हणाला ते न विकण्यासाठी, आम्ही दोघं भाऊ म्हणतो ते विकण्यासाठी.

आणखी एक गोष्ट, जमीनविक्रीचीच, प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकातली. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत लोक आपल्या जमिनी, घरं विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, पायाशी आणून ठेवायचे आणि ज्याला जशी गरज तसं वाटायचे. हनन्या आणि सप्पीरा ह्या नवराबायकोने जमीन विकली, त्यातले काही पैसे मागे ठेवले आणि सांगितलं की हे घ्या, सगळे आणलेत. दोघांचाही तिथेच मृत्यू झाला. ही गोष्ट ऐकून लोकांना वाटतं देव पैशाला किती टपलेला आहे. पण त्या प्रेषितांतला पेत्र हनन्याला काय विचारतो बघा, जमीन होती तोवर ती तुझीच होती ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? म्हणजे ठेवायचे तर ठेव की, कोण नको म्हणतंय, खोटं कशाला सांगतोस? चर्चने खाजगी मालमत्तेला कधीच पाप म्हटलेलं नाही, पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढलं त्यात मालमत्तेचा हक्क मान्य केलाय आणि त्याच कागदात मालकाला सांगितलंय की मजुराला पोट भरेल एवढी मजुरी दे. राहिलं हनन्याचं, तर विक्रीचा खरा आकडा लपवणं ही काही आजची फॅशन नाही एवढंच मी म्हणेन, अर्धे चेकने आणि अर्धे पिशवीतून घेणाऱ्यांनी समजून घ्यावं.

वसईतल्या बंगल्यांचं म्हणाल तर आमच्या लोकांनी कष्ट केलेत हो. पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं, केळी, दूध मुंबईला नेऊन विकलंय, पोरं शिकवली, ती बँकेत, परदेशात गेली, त्यातून घरं उभी राहिली, त्यात लाजण्यासारखं काय आहे. लाजण्यासारखं आहे ते वेगळं. हिरव्या वसईसाठी हरित वसई संरक्षण समितीचे मोर्चे निघाले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे असायचे, गावंच्या गावं रस्त्यावर आली, मीही होतो, घोषणा दिल्यात. आणि नंतर आमच्याच वाडीचं बावखल मातीचा भराव टाकून बुजवलं, का, तर तेवढीच दोन गुंठे जागा वाढते! कोणी बाहेरच्याने नाही बुजवलं, आम्हीच डंपर बोलावले. बऱ्याच जणांनी तेच केलं. २०१८ च्या जुलैमध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा माझ्या घरात गुडघाभर पाणी होतं, लाईट नाही, आणि मी शिव्या देत होतो महापालिकेला. पाणी तरी कुठे जाणार, त्याची जागा सात-बाऱ्यावर नव्हती ना.

आता सुखाबद्दल. पत्रलेखकाने लिहिलंय की गरिबीचं कौतुक करणं सोपं असतं. बरोबर आहे, मलाही गरिबीचं कौतुक नाही, मी ती बघितलीये, आईने शाळेच्या फीसाठी बांगडी गहाण ठेवलेली आठवते. येशूनेही उपाशी माणसाला उपाशी राहा असं कधी सांगितलं नाही, आधी खायला घातलं. पण मार्कच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येतो, सज्जन आहे, सगळ्या आज्ञा पाळतो, धावत येऊन गुडघे टेकतो. येशूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला त्याच्यावर प्रेम वाटलं असं तिथे लिहिलंय. आणि मग त्याला म्हणाला, जा, जे आहे ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तर तो खिन्न होऊन निघून गेला कारण त्याची मालमत्ता खूप होती. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, काही काढून घेतलं नाही, जे होतं ते सगळं त्याच्याकडेच राहिलं. आणि तरी खिन्न झाला. मी हे पूर्वी उंट आणि सुईच्या नेढ्यासाठी वाचायचो, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, ते लगेच पुढे येतं म्हणून. आता ह्या खिन्न शब्दावरच थांबतो.

उपदेशक म्हणून जुन्या करारात पुस्तक आहे, त्यात म्हटलंय की कष्ट करणाऱ्याची झोप गोड असते, थोडं खाल्लेलं असो की जास्त, पण धनवानाला त्याची समृद्धी झोपू देत नाही. माझे वडील दुपारी वाडीत केळीच्या सावलीला गोणपाट टाकून झोपायचे. डोक्याखाली हात. हाक मारली तरी उठायचे नाहीत. मी आता एसीत झोपतो आणि तारीख जवळ आली की पहाटे तीनला जागा होतो आणि मनातल्या मनात भावाशी भांडतो, त्याने काय म्हटलं की मी काय म्हणायचं, मग तो काय म्हणेल. म्हणजे तो मूर्ख श्रीमंत स्वतःशी बोलत होता तसंच, फक्त कोठारं अजून मिळालेली नाहीत.

लोभ सोडून सुखी झालेला कोणी दाखवा म्हणाल तर वसईचाच माणूस आहे. संत गोन्सालो गार्सिया, गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे, कॉलेजलाही आहे. इथे जन्मले, तरुणपणी जपानकडे गेले, व्यापारात चांगला जम बसला, पैसा मिळाला, आणि भरात असताना ते सगळं सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ब्रदर म्हणजे फादरही नाही, साधे सेवक. १५९७ मध्ये नागासाकीला २६ जणांना क्रुसावर दिलं त्यात ते होते, १८६२ साली पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. आम्ही त्यांचा सण थाटात करतो, हुतात्मा म्हणून. चालता धंदा सोडला ह्याबद्दल मात्र प्रवचनात मी फारसं ऐकलेलं नाही, आणि खरं सांगू, ऐकलं असतं तरी मागच्या बाकावर गुंठ्याच्या दराची कुजबुज चालूच राहिली असती.

चर्चलाही दोन शब्द बोलले पाहिजेत नाहीतर माझं पत्र एकतर्फी होईल. सणाला रोषणाई आणि बँडवर किती खर्च होतो हे धर्मग्रामात (एका चर्चखालच्या वस्तीत) सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. आणि हॉल भाड्याने घेऊन माईकवर देवाच्या नावाने पैसे पेरा, शंभरपट उगवेल, गाडी मिळेल, व्हिसा मिळेल असं सांगणारे जे उपदेशक फिरतात, त्यांचं आणि लूकच्या बाराव्या अध्यायाचं काय नातं आहे मला तरी कळत नाही. तिथे तर उदंड पीक आलेल्या माणसालाच मूर्ख म्हटलंय. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप संत बेसिल ह्यांनी ह्याच दाखल्यावर प्रवचन दिलं होतं, ते म्हणतात तू दाबून ठेवलेली भाकर उपाशी माणसाची आहे, पेटीत बंद करून ठेवलेला कपडा उघड्या माणसाचा आहे. म्हणजे नुसतं दान कर असं नाही, ज्याची वस्तू त्याला परत दे, असाच मला त्याचा अर्थ लागतो.

हे परत दे डोक्यातून जात नाही. जक्कय नावाचा जकातदार होता, बुटका, येशूला बघायला झाडावर चढला होता, येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आणि तो खुशीत होता, त्याला कोणी खिन्न म्हटलेलं नाही.

चौपट आपल्याच्याने होणार नाही. पण त्या ऑगस्टनंतर मी वकिलाला विचारलं की बहिणींचं हक्कसोड फिरवता येतं का. तो आधी हसला, मग म्हणाला ते राहू द्या, तुमच्या हिश्शातलं तुम्हाला बक्षीसपत्राने त्यांना देता येईल, पण आधी हिस्सा तर ठरू द्या, आणि काका, आत्ता हे बाहेर बोलू नका, केस वीक होईल. बायकोला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, धाकटीला आधी फोन करा, कागदाचं नंतर बघू. धाकटीला फोन केला. तिला ती चेन आठवत होती, म्हणाली मुलीच्या लग्नात मोडली. जमिनीचं मी काही बोलायच्या आतच म्हणाली, दादाला आणि तुला एकदा एकत्र जेवायला बोलवायचंय, येशील का.

भाऊ येणार की नाही अजून कळलेलं नाही. पुढची तारीख त्याच आठवड्यात आहे.

पत्र लांबलं, काटछाट करायला हरकत नाही, फक्त बहिणींच्या सह्यांचा भाग काढू नका.

आपला,
एक वाचक, वसई तालुका
(कृपया नाव छापू नये, वकिलांनी सांगितलंय)